छबुबाईच्या नऊ दोऱ्या

उमापूरच्या वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला एक दगडी ओटा लागायचा. त्या ओट्यावर छबुबाई नावाची एक बाई अकरा वर्षं दोर वळत बसली. तिच्या डोक्यावर, वेशीच्या लाकडी तुळईला, नऊ घंटा टांगलेल्या असत आणि प्रत्येक घंटेची दोरी गावातल्या एकेका दाराकडं गेलेली असे. गावातली शहाणीसुरती माणसं आधी तिला हसली, मग तिच्यावर चिडली आणि शेवटी तिच्याकडं बघितल्याशिवाय शेताला जाईनाशी झाली. हसायचं, चिडायचं आणि मग गुपचूप कामाला लावायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड. या तिन्ही पायऱ्या चढताना त्या बाईचं काय झालं, ते मात्र कोणी सांगत नाही.

काळ निजामाचा. गेवराईला पोलिसांचा अमीन बसायचा, चावडीवर उर्दूतले कागद यायचे आणि ते वाचून दाखवणारा मिळेपर्यंत गाव जीव मुठीत धरून असायचं. पहिली मोठी लढाई संपली त्या साली मानमोडीची साथ आली. उमापूरच्या मांगवाड्यात चौदा घरं, त्यांतली अकरा माणसं नऊ दिवसांत गेली. छबुबाईचा नवरा म्हाळू त्यांतलाच. म्हाळू गावाचा जागल्या होता. काठी घेऊन गावाची राखण करायची आणि त्याबद्दल सुगीत प्रत्येक खळ्यावरून धान्य घ्यायचं, ओढ्याकाठचा दोन बिघ्यांचा तुकडा कसायचा, असा त्या घराचा पिढीजात हक्क होता. त्याला जागल म्हणत. म्हाळू गेला तेव्हा छबुबाईच्या पदरात दोन पोरी होत्या आणि हातात दोर वळायची कला. कलेवर पोट भरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भिजल्या अंबाडीचा वाख सोलून बघावा. जागल हातची गेली असती तर त्या तिघींची चूल विझली असती, इतकी सरळ गोष्ट होती.

म्हाळूचं दिवसकार्य उरकलं आणि त्याचा धाकटा भाऊ सुग्रीव दारात येऊन उभा राहिला.

"वयनी, जागल आता माझ्याकडं आली. बाई मानूस रातचं गाव फिरनार हाय का?"

"अन् माझ्या पोरी काय खातील?"

"देईन की पायली-दोन पायली."

सुग्रीव काही दुष्ट नव्हता. त्याच्याही घरात खाणारी तोंडं होती. पण 'देईन' म्हणणाऱ्याच्या हाताकडं बघत जगणं छबुबाईला जमणारं नव्हतं. ती तडक मोहनराव पाटलांकडं गेली. मोहनराव गावचे पोलीस पाटील, माणूस भला, पण निवाडा लांबणीवर टाकण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्यांनी सांगितलं, या सुगीचं धान्य दोघांत निम्मं-निम्मं, पुढचं पुढं बघू.

त्याच सुगीत गावात चोऱ्या सुरू झाल्या, आणि त्याही भरदिवसा. ज्वारी काढणीला आली की उमापूर रिकामं व्हायचं. कडी घालून, तान्ही पोरं पाठीशी बांधून सगळी घरं रानात. मागं उरायचे ते दिसत नसलेले म्हातारे आणि बांधलेली जनावरं. जागल्याची राखण रात्रीची, म्हणून चोरानं दिवस निवडला. पंधरा दिवसांत तीन घरं फुटली. उत्तरेश्वर नावाच्या कुणब्याच्या घरातून तर तांब्यापितळेचं एकूण एक भांडं गेलं आणि त्याच्या बायकोनं दोन दिवस गाडग्यात भाजी केली.

चावडीवर माणसं जमली. सुग्रीवला विचारलं तर तो म्हणाला, रातभर जागतो, दिवसा झोपू नको तर काय करू. त्याचंही खरंच होतं. छबुबाई चावडीच्या पायऱ्यांपासून चार हातांवर, जिथं तिच्या लोकांनी उभं राहायचं तिथं उभी होती. तिथून ती बोलली.

"पाटील, रातची राखन सुग्रीवकडं ऱ्हाऊ द्या. दिवसाची मी करते. पन जागलीचा निम्मा हक्क कायमचा माझ्या घरी ठिवा."

उत्तरेश्वर शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "ऐकलं का बे, आता बाया राखनार गावाला."

"तू एकटी," मोहनराव म्हणाले, "घरं इतकी. कोनत्या दाराला बसशील?"

"मी दाराला बसनार न्हाई. दारंच माझ्याकडं येतील."

चावडी हसली. मोहनरावांनी मात्र कपाळाला आठी घालून तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं सांगितलं ते असं. वेशीजवळची जी घरं आहेत त्यांच्या दाराला आतून दोरी बांधायची. ती धाब्यावरून, माळवदांवरून वेशीपर्यंत आणायची आणि तिथं घंटेला जोडायची. दार हललं की घंटा हलेल. ती ओट्यावर बसून दोर वळत असेलच. घंटा वाजली की म्हाळूची हलगी वाजवायची, म्हणजे रानातली माणसं धावत येतील. एवढंच.

"करून बघ," मोहनराव म्हणाले. "पुढल्या सुगीपातुर. गावाला उपेग झाला तर निम्मी जागल तुजी. तुज्या पहाऱ्यात घर फुटलं तर मग सगळी सुग्रीवची, अन् वरून अमीनसायबाला जाब तूच द्यायचा."

"मंजूर," छबुबाई म्हणाली.

बोलणं सोपं होतं, करणं जिवावरचं. मांगाच्या बाईनं कुणब्याच्या माळवदावर पाय ठेवायचा नाही, मग दोरी वर न्यायची कशी? तिनं गल्लीत उभं राहून दोरीला दगड बांधून वर भिरकावली, वर घरचा गडी ती धरायचा आणि ही खालून ओरडायची, "आजून डाव्या अंगाला, बेचकीत घाला, आवळू नका." मान वर करून करून तिची मान धरली. घराच्या आतला तुकडाही तिला बांधता येत नव्हता. उंबऱ्याच्या आत तिला जागा नव्हती. म्हणून तिनं युक्ती काढली. अंगणातल्या खांबाला एक आडवी काठी बसवायची, खाली-वर हलेल अशी. वेशीपासूनची दोरी त्या काठीपर्यंत तिची. काठीपासून आतल्या दारापर्यंतचा तुकडा ती वळून उंबऱ्यावर ठेवायची, त्यावर पाणी शिंपडून घरच्या बायका तो आत नेऊन बांधायच्या. बारा-पंधरा हातांचा तुकडा. दोन महिने वाख सोलून तिच्या बोटांची सालं निघाली.

घंटा सगळ्यांच्या वेगळ्या. उत्तरेश्वरच्या मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घाट, कोणाच्या शेळीच्या गळ्यातली घंटी, कोणाचं घुंगरू, एकाचं तर नुसतं पत्र्याचं डबडं आणि त्यात गोटा. डोळे मिटूनही कोणतं घर बोलतंय ते तिला कळे. प्रत्येक दोरीला तिच्या बाजूला एक दगड लोंबता ठेवलेला होता. कोणी शहाण्यानं वाटेत दोरी कापलीच तर दगड खालच्या पत्र्याच्या पाटीत आदळायचा, म्हणजे दोरी ओढली तरी आवाज आणि तोडली तरी आवाज.

आणि तरी पहिल्या महिन्यात तिची शोभा झाली. एकदा मांजरानं दार ढकललं. एकदा वानरं दोरीला लोंबकळली. एकदा उत्तरेश्वरचा म्हातारा बाप गूळ चोरून खायला कोठीत शिरला. तिन्ही वेळा हलगी वाजली, तिन्ही वेळा माणसं विळे घेऊन धापा टाकत आली, आणि तिसऱ्या वेळी म्हाताऱ्याच्या दाढीला गूळ लागलेला बघून उत्तरेश्वरनं डोक्याला हात लावला. त्याचा सगळा राग छबुबाईवर निघाला.

"वाटंनं मानूस पडून मेलं असतं आमचं. बंद कर तुजं हे घुंगराचं."

"बंद करनार न्हाई," ती म्हणाली. "सुधारून घेते."

चौथ्यांदा हलगी वाजली तर कोणी येणार नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. चोर येऊन गाव बुडत नाही, राखणदाराच्या हाकेला कोणी ओ देईनासं झालं की बुडतं, हे तिला त्या रात्री कोणी शिकवलं नाही, पोरींकडं बघून ते तिचं तिला उमगलं. तिनं दुसऱ्या दिवशी घरोघर उंबऱ्याबाहेर उभं राहून खूण ठरवली. घंटा वाजली की आधी ती आपल्या बाजूनं दोरीला दोन हिसके देणार. घरात घरचंच माणूस असेल तर त्यानं काठीला तीन हिसके द्यायचे. उत्तर आलं तर ठीक. न आलं तर हलगी. आणि रोज सकाळी रानात निघताना प्रत्येक घरानं काठी एकदा ओढायची, ती घरची हजेरी. ज्या घराची हजेरी आली नाही तिथं ती स्वतः जाऊन विचारणार.

उत्तरेश्वरच्या बापानं ही खूण सगळ्यांत आधी पाठ केली. गुळाची गोष्ट पुन्हा गावभर व्हायला नको होती.

पौषात एका दुपारी शेळीची घंटी वाजली. छबुबाईनं दोन हिसके दिले. उत्तर नाही. पुन्हा दिले. नाही. तिनं हलगी उचलली. रानातली माणसं, खरं सांगायचं तर कुरकुरत, आली, आणि त्या घराच्या मागच्या भिंतीवरून एक माणूस हंडे टाकून पळताना पन्नास जणांनी बघितला. तो सापडला नाही, पण हंडे सापडले. त्या दिवसापासून उत्तरेश्वर येता-जाता तिच्या ओट्याशी थांबून चार शब्द बोलू लागला, आणि सुगीत निम्मी जागल तिच्या दारात आली. पुढलीही आली. पाटलांनी कायमचं असं तोंडानं म्हटलं नाही, पण त्यांनी काही म्हटलं नाही हेच पुष्कळ होतं.

गावचे सावकार राधाकिशन शेठ यांचं दुकान पहिल्यापासून दोरीवर होतं. दोन वर्षं दुकानातला दाणा हलला नाही, तेव्हा शेठजींना घराचीही आठवण झाली. मुलगी शिवकन्या हिचं लग्न ठरत होतं आणि तिचे दागिने घडवून आतल्या कोठीत ठेवले होते. नववी दोरी शेठच्या घराची. छबुबाईनं सगळ्यांसारखी ती अंगणातल्या काठीपर्यंत आणली, आतला तुकडा वळून उंबऱ्यावर ठेवला. शेठाणी रुक्मिणीबाई दाराआड उभ्या होत्या. सोवळ्याओवळ्यात त्या गावात कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तुकडा उचलून घेतला. दोन दिवसांनी शेठचा गडी रामहरी सांगायला आला की आत बांधून झालं. त्यानंतर रोज सकाळी शेठच्या घराची पितळी घंटा टणकन वाजून हजेरी लागू लागली, आणि छबुबाई आपली दोर वळू लागली.

माघात शेठजींचं सगळं कुटुंब साखरपुड्यासाठी नांदूरघाटला गेलं. लांबचा पल्ला, पाच दिवसांची गैरहजेरी. रामहरी रात्री दारापुढं अंगणात झोपायचा, सकाळी अंगण झाडून, काठी ओढून हजेरी द्यायचा आणि मग दिवसभर दुकानावर असायचा. पाचव्या दिवशी गाडी परत आली. रुक्मिणीबाई कोठीत गेल्या आणि त्यांचा आवाज वेशीपर्यंत आला. पुढच्या दाराचं कुलूप मोडून नुसतं अडकवून ठेवलेलं होतं, कोठीचं दार लोटलेलं, कडी उचकटलेली, आणि शिवकन्येचे दागिने गेले होते. तिची ठुशी, गोठ, पाटल्या, सगळं.

घंटा वाजली नव्हती.

चावडीवर त्या संध्याकाळी कोणी हसत नव्हतं. शेठजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. सुग्रीव पुढं येऊन म्हणाला, "पाटील, माझी वयनी हाय म्हनून बोलायला जड जातंय. पन घंटी वाजली न्हाई म्हंजी एक तर ती झोपली, न्हाई तर तिनं ऐकून न ऐकल्यागत केलं."

"मी जाग्यावरून हालले न्हाई," छबुबाई म्हणाली. पाच दिवस ती पाण्याला उठली तर थोरल्या पोरीला ओट्यावर बसवून उठली होती.

"करार ठरला होता," मोहनराव जड आवाजात म्हणाले. "तुज्या पहाऱ्यात घर फुटलं. उद्या अमीनसायबाला इत्तला द्यावी लागंल. तो तुलाच धरनार, छबू. मला त्यात काई करता यायचं न्हाई."

गेवराईच्या कोठडीत शिरलेलं गरिबाचं माणूस कसं बाहेर येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मागं पोरी. छबुबाईनं पदर डोक्यावर घट्ट ओढला.

"द्या इत्तला. पन उद्या. आज मला माझी दोरी बघू द्या. वेशीपासून दारापातुर."

तिला नाही म्हणायला कोणाला कारण सापडलं नाही. दिवस अजून कासराभर वर होता. सगळी चावडी तिच्या मागं निघाली. ती गल्लीगल्लीतून मान वर करून चालली, दर दहा पावलांवर उत्तरेश्वर माळवदावर चढून दोरी हातानं चाचपून सांगत होता. कापलेली नाही. उसवलेली नाही. कुठं अडकलेली नाही. शेठच्या अंगणाच्या दारात ती थांबली आणि रामहरीला म्हणाली, "काठी वढ." त्यानं ओढली. लांब वेशीवर पितळी घंटा टणकन वाजली.

"वाजती की," सुग्रीव म्हणाला. "मग तवाच कावून वाजली न्हाई?"

ती अंगणातली काठी आणि आतलं अंधारं दार यांच्यामध्ये बघत राहिली. मग म्हणाली, "शेटजी, इथपातुर माझी दोरी. ती शाबूत हाय. हितून आत काय हाय ते मला बघायचंय."

"आत कशी येशील तू?" शेठजी गोंधळले. "कोठीची वाट देवघराच्या तोंडावरून हाय. आतली दोरी हाय तशी हाय, मी बघितली."

"तुमी बघितली, तुमाला दोरीतलं काय कळतं?" ती म्हणाली, आणि अंगणाच्या दारातच मांडी घालून बसली. "मी येत न्हाई आत. पन आतली दोरी बघितल्याबिगर हालनारबी न्हाई. अमीनाला हितंच घिऊन या."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली. मांगाची बाई सावकाराच्या दारात धरणं धरून बसलेली गावानं आधी कधी बघितली नव्हती. सुग्रीवनं तिला दंडाला धरून उठवायला हात पुढं केला, तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं हात मागं घेतला.

"मग तू म्हनतीस काय?" मोहनरावांनी विचारलं.

"पाटील, तुमी वेशीवर जाऊन घंटीखाली उभं ऱ्हावा. शेटाणीबाईनं आतून कोठीचं दार उघडावं, चोर उघडील तसं, हळू. आवाज तुमच्या कानानं ऐका. माझ्या कानावर भरवसा ठिवू नका."

मोहनराव गेले. गल्लीच्या कोपऱ्यावर उत्तरेश्वर उभा राहिला, तिकडचं इकडं सांगायला. आत रुक्मिणीबाई कोठीच्या दाराशी गेल्या. दार वीतभर उघडलं. कोपऱ्यावरून उत्तरेश्वरनं मान हलवली, घंटा नाही. हातभर उघडलं. नाही. माणूस आडवा होऊन आत शिरेल एवढं उघडलं. अंगणातली काठी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जागची हलली नाही. दार पार भिंतीला टेकवलं तेव्हा कुठं काठी बोटभर खाली झाली, आणि उत्तरेश्वर ओरडून म्हणाला की आता कुठं जरा किणकिण झाली.

सुग्रीवनं मान खाली घातली.

"बाई," छबुबाई आतल्या अंधाराकडं बघून म्हणाली, "मी वळून दिल्याली अंबाडीची दोरी कुठं हाय?"

रुक्मिणीबाई दारात आल्या. त्यांच्या हातात सोडून आणलेली दोरी होती, काळ्यापांढऱ्या लोकरीची, धनगराच्या घोंगडीला वापरतात तसली, मऊ आणि जाड. त्यांनी ती अंगणात ठेवली. छबुबाईनं ती उचलून दोन हातांत धरून ओढली. ती हातभर लांबली आणि सोडल्यावर पुन्हा गोळा झाली.

रुक्मिणीबाई कोणाकडं न बघता बोलल्या. "एक टोक तिच्या हातात, दुसरं टोक माझ्या देवघरावरून. दिवसभर तिचा हात त्या दोरीला. लोकरीला विटाळ न्हाई, म्हनून मधी लोकर घातली. विटाळ काठीपाशी थांबावा म्हनून. मला काय ठावं लोकर घंटीबी थांबवती."

दोन वर्षांची राखण, सातशे दिवसांची हजेरी, आणि देवघराच्या सोवळ्यानं चोराला वाट करून दिली होती. हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण आत शिवकन्या रडत होती, म्हणून कोणी हसलं नाही. वेशीवरून परत आलेल्या मोहनरावांना उत्तरेश्वरनं सगळं सांगितलं. त्यांनी लोकर हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा जागच्या जागी निवाडा दिला.

"छबूचा कसूर न्हाई. जागल निम्मी तिची, कायमची. अमीनसायबाला चोरीची इत्तला जाईल, तिच्या नावाची न्हाई."

दुसरी एखादी पदर सावरून पाया पडली असती आणि घरी गेली असती. छबुबाई बसल्या जागेवरून उठली नाही.

"कसूर माझाबी हाय, पाटील," ती म्हणाली. "मी रोज काठीची हजेरी घेतली, दाराची घेतली न्हाई. रामहरीनं काठी वढली की मी खूश. काठी थोडीच चोरीला जानार होती? आतला तुकडा मी दुसऱ्याच्या हातावर सोडला, त्याच दिवशी माझी राखन आर्धी झाली." मग ती उठली आणि शेठजींना म्हणाली, "आजपासून आतली दोरी माझ्या हातची, अन् बांधनारबी मीच. दारापातुर. न्हाई तर तुमची घंटी मी उद्या उतरवते. अर्ध्या दोरीची राखन मी करत न्हाई."

"म्हंजी तू घरात येनार?" शेठजी म्हणाले.

"दोरी बाहेरून बांधता येत असती तर कशाला आले असते."

शेठजी पाठ फिरवून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाईनं खरोखरच पितळी घंटा तुळईवरून उतरवली, पदरानं पुसली आणि रामहरीच्या हातात दिली. दुकानाची तेवढी ठेवली. सुग्रीव धावत आला. "वयनी, शेटशी वाकडं घिऊ नको. जागल मिळाली न्हवं? गप बस की." तिनं त्याच्या हातात वाखाचं दुसरं टोक दिलं आणि म्हणाली, "धर, पीळ भरायचाय." तो धरून उभा राहिला. त्या दिवसापासून तो तिच्याशी जागलीबद्दल कधी बोलला नाही.

पंधरा दिवस गेले. तुळईवर आठ घंटा, नवव्या जागी नुसता खिळा. गाव रोज तिथं बघून जायचं. चोर कोण ते कळलं नाही, दागिने सापडले नाहीत. शेठजींनी शेत विकून नवे घडवले, लग्न पुढं ढकललं, आणि ते नवे दागिने त्याच कोठीत, त्याच दाराआड ठेवले, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. रुक्मिणीबाईंना झोप येईनाशी झाली. दुपारी त्या कोठीच्या दाराला पाठ लावून बसू लागल्या. रामहरी सांगायचा, बाई जेवायलाही उठत नाहीत, शिवकन्या ताट तिथं नेऊन देते. अंगणाबाहेर कोणाची चाहूल लागली तरी दचकतात. ऐकून छबुबाईला वाईट वाटलं. दागिने गेलेल्या घराची अवस्था तिला कळत होती. पण तिनं निरोप पाठवला नाही.

निरोप तिकडून आला. सोळाव्या दिवशी रामहरी पितळी घंटा घेऊन ओट्याशी उभा राहिला. "बाईंनी बोलावलंय. दोरी घिऊन ये म्हनल्या."

छबुबाईनं नवीन वळलेली पंधरा हात दोरी खांद्यावर टाकली आणि निघाली. शेठच्या दारात रुक्मिणीबाई उभ्या होत्या, पदर घेतलेला, डोळे सुजलेले. शेठजी मागं. शेजारच्या माळवदांवर बायका कडेवरची पोरं घेऊन उगाच ज्वारी वाळवत उभ्या होत्या.

"छबू," रुक्मिणीबाई हळू म्हणाल्या, "मागच्या अंगानं गोठ्यातून ये. तिकडून कोठी जवळ पडती, अन् देवघर टळतं."

छबुबाई जागच्या जागी थांबली. खांद्यावरची दोरी तिनं सारखी केली.

"बाई, चोर कोन्या दारानं आलता?"

"पुढच्या."

"मग मीबी पुढच्याच दारानं येते. चोर ज्या वाटंनं आला त्याच वाटंनं दोरी न्यावी लागती, न्हाई तर तिचा उपेग न्हाई. मला गोठा राखायचा न्हाई, तुमची कोठी राखायचीया."

शेठजी खाकरले, काहीतरी म्हणणार होते, पण रुक्मिणीबाईंनी हात आडवा करून त्यांना गप्प केलं. त्यांनी एकदा मागं देवघराकडं बघितलं, एकदा छबुबाईच्या हातांकडं बघितलं. सालं निघून निघून राठ झालेले ते हात होते, आणि त्या हातांनी दोन वर्षं या घराचं दुकान राखलेलं होतं.

रुक्मिणीबाई उंबऱ्यावरून बाजूला झाल्या आणि छबुबाई आत गेली.